घरचा रोगी आणि दूरची शुश्रूषा

संसर्गजन्य रोग झालेल्या माणसास घरापासून दूर ठेवावे, हा विचार फार जुना आहे. त्यास घरीच ठेवून शास्त्रशुद्ध रीतीने बरे करता येते, हे मात्र आपल्याच देशात प्रयोगाने सिद्ध झाले. हा इतिहास आपल्या कुटुंबांतून फारसा ठाऊक नाही, म्हणून तो येथे थोडक्यात देत आहोत.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा विश्रांती, सकस अन्न व मोकळी हवा हाच उपचार असे. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीस बेल-एअर आरोग्यधाम काढले ते याच हेतूने. परंतु अशा ठिकाणी खाटा मोजक्या आणि रोगी असंख्य. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, पॅस व १९५२ साली आयसोनियाझिड ही औषधे हाती आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की, घरी राहून नुसत्या औषधाने गुण येईल काय?

त्याचे उत्तर मद्रासने दिले. १९५६ साली भारत सरकारची वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यक संशोधन मंडळ यांनी मिळून तेथे केंद्र उघडले. शहरातील गरीब वस्तीतले १९३ रोगी घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काहींस आरोग्यधामात व काहींस घरी ठेविले. औषध दोघांसही तेच, मुदत एक वर्षाची. घरी अन्न तुटपुंजे, खोली दाटीची. तरीही वर्षअखेर आरोग्यधामातील सुमारे ९२ टक्के व घरच्या सुमारे ८६ टक्के रोग्यांचा आजार शमला. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे पाच वर्षे घरच्या मंडळींवर लक्ष ठेविले, तेव्हा रोगी घरी राहिल्याने त्यांस अधिक बाधा झाल्याचे आढळले नाही.

हे यश केवळ गोळ्यांचे नव्हे. आरोग्यसेविका घरोघर जात, न कळविता जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत, आणि चुकणाऱ्यास समजावीत.

हे वाचताना आम्हांस आमच्या आत्याची आठवण होते. १९६७ साली आम्ही आठ वर्षांचे होतो. तिचे ताट वेगळे, अंथरूण मागल्या पडवीत. औषध मिळत होते. परंतु ते घेतलेस काय, असे विचारणारे कोणी नव्हते. खोकला थांबताच तिने गोळ्या सोडल्या. ती गेल्यावर उशाची डबी निम्मी भरलेली निघाली.

२०२० साली करोनाची साथ आली. सौम्य लक्षणांच्या रोग्यांस घरीच विलग ठेवण्याविषयी केंद्र सरकारने २७ एप्रिल २०२० रोजी सूचना काढल्या. या वेळी आरोग्यसेविकेच्या फेरीचे काम बहुतांशी दूरध्वनीने केले. एप्रिल २०२१मध्ये आम्ही स्वतः आजारी पडलो, तेव्हा एक परिचारिका सकाळ-संध्याकाळ विचारी : ताप किती, ऑक्सिमीटरवर आकडा किती, सहा मिनिटे चालल्यावर तो उतरतो काय? चौथ्या दिवशी आकडा ९१ आला. इस्पितळाच्या भीतीने आम्ही ‘९६’ असे सांगून मोकळे झालो. सूनबाईने दारातूनच मोठ्याने खरा आकडा सांगितला. तासाभरात रुग्णवाहिका आली, प्राणवायू मिळाला, आणि आज हे लिहिण्यास आम्ही उरलो. आयुष्यभर मुलांस खरे बोलण्याचा पाठ दिला, तो त्या दिवशी सुनेकडून शिकलो.

मद्रासच्या सेविकेस डबी उघडून पाहता येत असे. दूरध्वनीवरील परिचारिकेस आपल्या शब्दाखेरीज दुसरा डोळा नसतो. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची एवढीच विनंती आहे : घरात रोगी असेल तेव्हा त्यास वेगळे ठेवावे, पण एकटे ठेवू नये, औषधाची व आकड्यांची नोंद वहीत करावी, आणि विचारणाऱ्यास जे असेल तेच सांगावे.