हत्शेपसुतच्या मूर्ती रागाने फोडल्या का?

शाळेत आपल्याला इजिप्त भेटला तो पिरॅमिड, ममी आणि नाईलचा पूर एवढ्यापुरता. परीक्षेला तेवढं पुरलंही. हत्शेपसुतचं नाव मात्र राहूनच गेलं.

इ.स.पू. १४७९ च्या सुमारास तिचा नवरा वारला. गादीवर आलेला तिसरा थुटमोस अगदी लहान होता. ती त्याची सावत्र आई आणि आत्याही! आधी त्याच्या वतीने कारभार पाहणारी हत्शेपसुत काही वर्षांत स्वतःच फेअरो झाली. आजच्या लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल-बहारीच्या कड्याखाली तिने मंदिर बांधलं आणि स्वतःच्या दगडी मूर्तींनी ते भरून टाकलं. कुठे स्फिंक्सच्या रूपात, तर कुठे हातात कुंभ घेऊन गुडघे टेकलेली. बहुतेक ठिकाणी पुरुषी छाती, खोटी दाढी.

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे हर्बर्ट विनलॉक यांना या मूर्तींचे तुकडे मंदिराजवळच्या खड्ड्यांत सापडले. त्यांनी अर्थ लावला तो सूडाचा: थुटमोसने आत्यावरचा राग दगडावर काढला. गोष्ट रंगतदार, म्हणून टिकलीही. पण तिची नावं खोडायला सुरुवात झाली ती तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. एवढा थंड राग?

२०२५ मध्ये टोरंटो विद्यापीठाचे जुन यी वाँग यांनी विनलॉक यांच्या मोहिमेची जुनी टिपणं आणि छायाचित्रं तपासली. अनेक मूर्ती मान, कंबर आणि गुडघे इथेच तोडलेल्या होत्या, आणि बऱ्याच चेहऱ्यांना धक्काही नव्हता. रागावलेला माणूस आधी चेहराच फोडेल ना? इजिप्तमध्ये विधी करून मूर्तीत प्राण आणत. तो असा मोडून काढून घेत. इतर राजांच्या मूर्तींचंही असंच झालेलं दिसतं. आमच्या क्षेत्रात नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद करतात, तसंच काहीसं. बाकीची बरीच मोडतोड पुढच्या लोकांनी ते दगड पुन्हा वापरताना झाली.

भिंतींचं प्रकरण वेगळं. तिथे तिचं नाव छिन्नीने खरवडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं कोरलं आहे. तो विधी नव्हे, सरळ राजकारण. पण कारागिरांनी क्रियापदं, सर्वनामं जागोजागी तशीच ठेवली. १८२९ मध्ये शांपोलियाँ तिथे पोहोचले, तेव्हा दाढीवाल्या राजाबद्दल स्त्रीलिंगी का लिहिलंय, हे कोडं त्यांना सुटेना.