धूळपाटी ते संगणक : तात्पुरत्या लेखनाच्या पुनर्प्राप्तीचा इतिहास

प्रस्तावना :

इतिहासलेखन प्रामुख्याने टिकून राहिलेल्या साधनांवर आधारलेले असते. शिलालेख, ताम्रपट व सनदा या टिकाव्यात याच हेतूने निर्माण केल्या गेल्या. त्यांच्यामागील कच्चे खर्डे, आकडेमोड व दुरुस्त्या मात्र काम संपताच नाहीशा झाल्या. संगणकावरील तात्पुरती फाईल ही या कच्च्या लेखनाचीच आधुनिक अवस्था होय. 'पुसणे' या क्रियेचा अर्थ काळानुसार कसा बदलला आणि त्यावर हरवलेल्या लेखनाची पुनर्प्राप्ती कशी अवलंबून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खानदेशातील पूर्वपीठिका :

चाळीसगावजवळील पाटणे येथील शके ११२८ (इ. स. १२०६-०७) चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्या काळी गणित पाटीवर पसरलेल्या धुळीत करीत. म्हणूनच त्यास 'पाटीगणित' वा 'धूलिकर्म' अशी नावे होती. उत्तर ग्रंथात गेले, रीत धुळीबरोबर गेली. धुळीवरून हात फिरला की लेखन खरोखरच नष्ट होई.

संगणकातील 'पुसणे' :

संगणकाने या अर्थात मूलभूत बदल केला. डॉस प्रणालीत फाईल पुसली असता तिच्या नावाचे केवळ पहिले अक्षर बदलले जाई व तिने व्यापलेली जागा 'मोकळी' म्हणून नोंदविली जाई. मजकूर मात्र जागेवरच राही. दप्तराच्या अनुक्रमणिकेतून नोंद खोडावी, पण रुमाल फडताळातच असावा, तसा हा प्रकार होता. हे ओळखून पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेली फाईल परत आणणारा प्रोग्राम बाजारात आणला. १९९१ च्या डॉस ५.० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तशी आज्ञा समाविष्ट केली. १९९५ मध्ये विंडोजमध्ये रीसायकल बिन आले. तथापि प्रोग्राम स्वतः पुसतो त्या तात्पुरत्या फाईली त्यात जात नाहीत.

तात्पुरत्या फाईलीचे स्वरूप :

वर्ड हा प्रोग्राम काम चालू असताना तात्पुरत्या फाईली तयार करतो व ठरावीक अंतराने, सामान्यतः दर १० मिनिटांनी, पुनर्प्राप्तीसाठी प्रत ठेवतो. प्रोग्राम रीतसर बंद केला की या फाईली पुसल्या जातात. वीज अचानक गेल्यास मात्र त्या मागे राहतात. २००० च्या दशकातील दीर्घ भारनियमन अनुभवलेल्या सावद्यासारख्या गावांतील अध्यापकांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची होती. २०१० च्या आवृत्तीपासून जतन न करता बंद केलेल्या लेखनाची शेवटची प्रतही ४ दिवस राखून ठेवली जाते.

यावरून पुनर्प्राप्तीचा पहिला नियम निघतो : लेखन हरवल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. शोधाचा प्रोग्रामही तिथे उतरवू नये आणि सापडलेली फाईल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मोकळ्या ठरलेल्या जागेवर नवा मजकूर बसला की जुना कायमचा जातो.

मराठी लेखनाचा प्रश्न :

युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडील बहुतेक लेखन श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये होई. अशा फाईलीतून केवळ मजकूर वाचवला तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. ती पाहून फाईल बिघडली असे समजून टाकून देण्याचा धोका असतो. वास्तविक मूळ फॉन्ट लावताच मराठी वाचता येते. मोडी न जाणणाऱ्याने मोडी कागद रद्दी समजावा, तसेच हे आहे.

समारोप :

धुळ्यात अखेरचा श्वास घेणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी (१८६३-१९२६) वाड्यांच्या माळ्यांवरील दुर्लक्षित कागदांतून इतिहासाची साधने मिळविली. आज तशी दप्तरे महाविद्यालयांच्या जुन्या हार्डडिस्कमध्ये पडून आहेत. प्रबंधांचे खर्डे, नियतकालिकांच्या मुद्रणप्रती व मुलाखतींची टिपणे त्यांत असू शकतात. डेड स्टॉक रजिस्टरमधील नोंद निर्लेखित झाली की ही यंत्रे भंगारात जातात. त्यापूर्वी त्यांतील डिस्कची संपूर्ण प्रत ग्रंथालयात ठेवणे आणि त्यानंतरच विद्यार्थ्यांची खाजगी माहिती कायमची नष्ट करणे इष्ट ठरेल.

ही संधी कायमची नाही. नव्या एसएसडी साठवणुकीत पुसलेली जागा यंत्रणा स्वतःच रिकामी करते. तेथे पुसलेली फाईल परत मिळणे जवळजवळ अशक्य होते. संगणक अशा रीतीने पुन्हा धूळपाटीकडे वळत आहे. म्हणूनच मागील २ ते ३ दशकांतील डिस्क या इतिहासाच्या साधनांत गणल्या जाणे अगत्याचे आहे.