ग्वाल्हेरची गायकी आणि विद्यादान

आपल्याकडील सर्वच विद्यांमध्ये गुरुमुखाचे महत्त्व मोठे मानले जाते. परंतु संगीतविद्या तर सर्वस्वी त्यावरच अवलंबून राहिली. ध्वनिमुद्रणाचे साधन नव्हते त्या काळी गवयाच्या कंठातील चीज शिष्याच्या कंठात उतरली नाही, तर ती त्या गवयाबरोबरच नाहीशी होत असे. म्हणून गायनाच्या घराण्यांचा इतिहास पाहताना कोण किती थोर गायिला, याच्या जोडीला त्याने आपली विद्या कोणास दिली, हेही पाहावे लागते. या दृष्टीने ग्वाल्हेर घराण्याची कथा विशेष बोधप्रद आहे.

ख्यालगायनाच्या घराण्यांत ग्वाल्हेरचे घराणे आद्य मानण्यात येते. लखनौकडील नत्थन पीरबक्ष यांच्या वंशातील हद्दू खाँ, हस्सू खाँ व नत्थू खाँ यांनी शिंदे सरकारच्या आश्रयाखाली या गायकीस रूप दिले. मोकळा, भरदार आकार, अस्थायी व अंतरा यांची स्पष्ट मांडणी, मग बहलावा, बोल-आलाप, बोलताना आणि शेवटी तिन्ही सप्तकांत फिरणाऱ्या सरळ, सपाट ताना, असा तिचा क्रम आहे. ख्यालाबरोबर टप्पा, तराणा, अष्टपदी हे प्रकारही या घराण्यात निष्ठेने जपले गेले.

या गायकीच्या उगमाविषयी एक आख्यायिका परंपरेने चालत आली आहे. दौलतराव शिंदे यांच्या दरबारी बडे महंमद खाँ हे तानबाजीत अद्वितीय गवई होते. परंतु ते आपली विद्या परक्यास देत नसत. तेव्हा हद्दू-हस्सू या बंधूंना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे ऐकविण्यात आले आणि त्यांनी ते आत्मसात केले, असे सांगतात. आख्यायिकेतील तपशील कसाही असो, विद्या किती कडेकोट बंदोबस्तात ठेवली जात असे, हे तीवरून कळते.

अशा रीतीने मिळविलेली विद्या या घराण्याने मात्र आपल्या रक्ताच्या नात्यापुरती राखून ठेवली नाही. हस्सू खाँ यांनी वासुदेवबुवा जोशी यांना तालीम दिली. पुढे नत्थू खाँ यांचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ हे ग्वाल्हेरातील पंडित कुटुंबाच्या घरी येऊन राहिले आणि तेथे शंकरराव पंडित यांना त्यांनी मुक्त हस्ताने शिकविले. मुसलमान उस्ताद आणि ब्राह्मण शिष्य एका छपराखाली राहून एकाच विद्येची उपासना करीत होते, ही गोष्ट त्या काळाच्या सोवळ्या-ओवळ्याचा विचार करता लहान नव्हे. शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित (१८९३–१९८९) यांनी हीच गायकी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ग्वाल्हेरातच नांदती ठेवली. बेळगावकरांना परिचित असलेले रामकृष्णबुवा वझे यांनाही निसार हुसेन खाँ यांची तालीम लाभली होती.

ही गंगा दक्षिणेत आणण्याचे श्रेय बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांचे आहे. विद्येच्या शोधात घर सोडून ते देशोदेशी हिंडले. धारेस देवजीबुवांकडे काही शिक्षण झाल्यावर त्यांना ग्वाल्हेरास वासुदेवबुवा जोशी यांचे चरण लाभले. गुरुसेवेचे कष्ट सोसून मिळविलेली ही विद्या घेऊन ते महाराष्ट्रात परतले आणि मिरज व इचलकरंजी येथे त्यांनी शिष्यशाखा वाढविली. मिराशीबुवा, अनंत मनोहर जोशी, गुंडूबुवा इंगळे, नीलकंठबुवा आलूरमठ असे अनेक गायक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

याच शिष्यांपैकी विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१). कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा मुलगा. बालपणी फटाक्याच्या स्फोटात त्यांची दृष्टी अधू झाली आणि पुस्तकी शिक्षणाची वाट खुंटली. मिरजेस बुवांपाशी अध्ययन करून १८९६ मध्ये ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर चाललेल्या या शाळेत गृहस्थांच्या मुलामुलींनाही गायन शिकण्याची सोय झाली. वर्गात बसवून गवई तयार होत नाही, असा आक्षेप तेव्हा पुष्कळांनी घेतला, आणि त्यात तथ्य नव्हते असेही नाही. म्हणूनच पलुसकरांनी विद्यालयातच निवासी शिष्यांचा उपदेशक वर्ग चालवून गुरुगृहाची शिस्त राखली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य.

दुसरी शाखा कर्नाटकात रुजली, आणि तिचा संबंध मठांशी आहे. हानगलच्या कुमारस्वामींनी जन्मांध पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) यांना आश्रय देऊन त्यांच्या संगीतशिक्षणाची व्यवस्था केली. त्यांना हिंदुस्थानी गायकीची तालीम नीलकंठबुवांकडून मिळाली. पुढे त्यांनी वीरेश्वर पुण्याश्रमाच्या द्वारे अंध व अनाथ मुलांना अन्न, वस्त्र आणि गायनविद्या देण्याचे व्रत घेतले. गदग येथील त्या आश्रमाची धुरा त्यांच्यानंतर पुट्टराज गवई (१९१४–२०१०) यांनी वाहिली. स्वतः दृष्टिहीन असलेल्या या गुरुशिष्यांच्या छायेत अनेक मुलांना उपजीविकेचे साधन व समाजात मान मिळाला. बसवराज राजगुरू हे पंचाक्षरी गवयांचेच शिष्य. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांच्या गायनाचा पायाही नीलकंठबुवांनीच घातला. पुढे ते जयपूर-अत्रौलीच्या मार्गास गेले.

पडद्याआडून ऐकावी लागलेली विद्या चार-पाच पिढ्यांत गदगच्या अंध बालकांपर्यंत पोहोचली. या प्रवासात धर्म, जात, भाषा आणि प्रांत यांच्या सीमा ओलांडल्या गेल्या. त्या प्रत्येक वेळी कोणीतरी शिष्याची पात्रता पाहून आपल्या जवळचे ठेवणे त्याच्या हाती दिले. अन्नदानाबरोबर विद्यादानासही पुण्यकर्म मानणाऱ्या भक्तजनांना या परंपरेतील प्रत्येक गुरू वंदनीय वाटावा, हे स्वाभाविकच आहे.