परतीपुरती वीज

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी विमान चालवायला शिकण्याची हौस ही काही चारचौघांत सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. म्हणून मुलीकडे स्वित्झर्लंडला गेलो असता मी ती घरी सांगितलीच नाही. नातीला मात्र विश्वासात घेतले होते. टेकडीपलीकडे त्यांचे घर. "गच्चीवर उभी राहा, मी वरून जाईन," असे मी तिला कबूल करून बसलो होतो.

विमान होते विजेवर चालणारे, दोन आसनांचे. नाव वेलिस इलेक्ट्रो. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कारखान्याच्या या विमानाला 10 जून 2020 रोजी युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने प्रमाणपत्र दिले. निव्वळ विजेवर उडणाऱ्या विमानाला असा मान मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ. आत पेट्रोलचा वास नाही, इंजिन तापवत बसणे नाही. एक दांडी पुढे सारली की पंखा गरगरू लागतो आणि आपण धावपट्टीवरून उचलले जातो.

पण शिक्षकांनी पहिला धडा दिला तो उडण्याचा नव्हे, आकडा वाचण्याचा. बॅटरीत किती वीज उरली, तो आकडा. या विमानाची धाव फार तर 50 मिनिटांची. राखीव साठा वेगळा, त्याला हात लावायचा नाही. पेट्रोलचे विमान जाता जाता हलके होते. आमची बॅटरी रिकामी झाली तरी वजनाला तेवढीच. फराळ संपावा आणि डबा मात्र पहिल्याइतकाच जड राहावा, तसा प्रकार!

हे दुखणे जुनेच आहे. 1883 साली फ्रान्समध्ये तिसांदिए बंधूंनी फुग्याला विजेची मोटार जोडली, पण वाऱ्यापुढे तिचे फारसे चालेना. पुढच्याच वर्षी, 9 ऑगस्ट 1884 रोजी, रनार आणि क्रेब्स हे दोन लष्करी अधिकारी पॅरिसजवळून 'ला फ्रान्स' नावाच्या हवाईनौकेतून निघाले. 23 मिनिटांत सुमारे 8 किलोमीटर फिरून ते निघाले तेथेच उतरले. वर जाणारे तोवर पुष्कळ झाले होते. स्वतःच्या बळावर वळून मूळ जागी परतणारे हे पहिले. पुढे पेट्रोलचे इंजिन आले आणि वीज मागे पडली. 1973 च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियात निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांवर माणसासह विमान उडाले खरे, पण ते पाव तासही हवेत राहिले नाही. लिथियम-आयन बॅटरी 1991 साली बाजारात आली, तेव्हा कुठे माझ्यासारख्याची सोय होण्याचा मार्ग मोकळा झाला.

तिसऱ्या धड्याला टेकडी समोर दिसू लागली. आकडा निम्म्याच्या वर होता. मी शिक्षकांना म्हणालो, "एवढी ओलांडू या."

"परतताना वारा समोरून लागेल," ते म्हणाले. "उतरणे साधले नाही, तर पुन्हा वर जाऊन एक फेरी मारावी लागेल. त्याची वीज यातून वजा करा."

मी मनाशी वजाबाकी केली आणि मुकाट्याने विमान वळवले.

संध्याकाळी नात फुरंगटून बसली होती. "आबा, मी किती वेळ हात हलवत होते! तुम्ही आलाच नाहीत."

मी तिला जवळ घेतले आणि रनार-क्रेब्सची गोष्ट सांगितली. ती ऐकून ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे ते घरी जेवायला वेळेवर पोचले?"

स्वयंपाकघरातून आजीने विचारले, "कोण पोचले?" त्या दिवशी मला सगळेच सांगावे लागले.