आमच्या नावांचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असं मंडळाने सांगितलं. मी काही शिकलेला इतिहासकार नाही. सूतगिरणीत पाळी करून उरलेल्या वेळात जे वाचलं, तेवढंच माझं शिक्षण. पण मागच्या महिन्यात आमच्या घरात एक वाद झाला आणि त्यातच मला विषय सापडला.

मला नातू झाला. नामकरण विहारात करायचं ठरलं. माझी आई म्हणाली, "मन्हा सासरानं नाव ठेवा. भिका." मुलाने कपाळाला हात लावला. सून म्हणाली, "शाळेत पोरं त्याला भिकारी म्हणतील." जावई म्हणाले, शहरात आता आजोबा-पणजोबांची नावं पुन्हा निघाली आहेत, त्यात लाजायचं काय? एक कार्यकर्ते तर तावातावाने म्हणाले, "बाबासाहेबांनी ज्या उकिरड्यातून बाहेर काढलं, तिथंच परत चालले का?" खरं सांगतो, मीही याच मताचा होतो.

आपल्या खान्देशात जुन्या पिढीची नावं आठवा. भिका, दगडू, धोंडू, कचरू, उखर्डू, नथ्थू. ही नावं का पडली? एक कारण म्हणजे मरण. लेकरं जगत नव्हती. चांगलं नाव ठेवलं तर काळाची नजर जाईल, म्हणून दगड, कचरा, उकिरडा अशी नावं ठेवत. मुलाचं नाक टोचलं की तो नथ्थू. माझ्या आजोबांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. पणजीने पाच घरी पदर पसरून चिंध्या मागितल्या आणि त्यांचं अंगडं शिवून बाळाला घातलं. म्हणून तो भिका. म्हणजे त्या नावात एका आईची भीती आहे आणि मायाही आहे.

दुसरं कारण धर्मशास्त्राचं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे की, ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंदेचं. जिथं शूद्राची ही गत, तिथं अस्पृश्याला कोण विचारतो? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी हा ग्रंथ जाळला, तेव्हा त्यात आपल्या बापजाद्यांच्या नावांचाही हिशोब होता.

पण बंधू-भगिनींनो, इथंच एक गोष्ट नीट बघा. मुलं मरत होती ती सगळ्यांचीच, आणि अशी नावंही सगळ्या जातींत होती. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचं नाव धोंडोपंत. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवलेले, १९५८ साली भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. पुण्यात ज्या गणपतीपुढे लाखो लोक रांग लावतात तो दगडूशेठ हलवायांचा. म्हणजे धोंडा तोच, दगडही तोच. तिकडे त्याला पंत आणि शेठ लागला, आमच्याकडे 'या' लागला. धोंड्या, दगड्या, भिक्या. अपमान नावात नव्हता, शेपटीत होता.

ह्या शेपटीचा घाव किती खोल जातो, ते कवी दया पवारांनी लिहून ठेवलं. त्यांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये तो दगडू आणि हे दया पवार समोरासमोर बसून बोलतात. नाव बदललं तरी आतला दगडू सुटत नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी भोगलं असेल!

याच्या उलट उदाहरणही आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर 'नाक' जोडलेली महार सैनिकांची नावं कोरली आहेत. गाव ज्यांना अर्ध्या नावाने हाका मारत होतं, त्यांची नावं दगडावर पुरी लिहिली गेली.

मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद जन्माला आले. याची सुरुवात बाबासाहेबांनी आधीच केली होती. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, पुढे औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद नाव दिलं. नागसेन भन्तेंना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा तो मिलिंद. आधी कॉलेजांना नावं मिळाली, मग समाजाने ती पाळण्यात आणली. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी ह्याच समाजाने १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढा दिला, माणसं गमावली, घरं जळालेली पाहिली. "नावात काय आहे?" असं आम्हाला कुणी विचारू नये.

तरी जातककथेत एक गोष्ट आहे. तक्षशिलेत पापक नावाचा एक विद्यार्थी होता. नाव वाईट, म्हणून तो दुसरं नाव शोधायला निघाला. वाटेत त्याला जीवक नावाच्या माणसाचं प्रेत दिसलं. धनपाली नावाच्या दासीला मजुरी आणली नाही म्हणून मारत होते. पंथक म्हणजे वाटेचा माणूस, तोच वाट चुकला होता. पापक परत आला आणि म्हणाला, माझं आहे तेच नाव राहू द्या. नाव हे फक्त ओळखीसाठी असतं.

ही गोष्ट मी घरी सांगितली, तेव्हा आई म्हणाली, "तो परत आला तो स्वतःच्या मनानं ना? तुझ्या आजोबाला कोण विचारायला आलं होतं? चावडीवरून 'ए भिक्या' म्हणून हाक यायची आणि ते चपला काढून पळत जायचे. घरी मात्र मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, बाबा म्हणायची. त्या नावाला एकदा तरी कुणी नीट हाक मारावी, एवढंच माझं म्हणणं."

आम्ही सगळे गप्प झालो. माझं मत तिथंच बदललं. नाव जुनं की नवं हा प्रश्न नाही. नाव कुणी ठेवलं आणि हाक कोण कशी मारतो, हा प्रश्न आहे. धम्माने आपल्याला नवी नावं दिली त्याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे निवडण्याचा हक्क. म्हणून शेवटचा शब्द बाळाच्या आईचा ठेवला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव लागतं, मग निवड तिचीच नको का? सुनेने मिलिंद नाव निवडलं. आणि स्वतःच आजेसासूला म्हणाली, "घरात भिकाबा म्हणू. पण भिक्या कुणीच नाही." आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता विहार मंडळाला एक विनंती. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात यक्षाची एक मूर्ती सापडली. तिच्या तळहातावर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. कुणी राजा नाही, कारागीर. कोरून ठेवलं म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला कळतं. तशी एक वही विहारात ठेवा. प्रत्येक घराने आजोबा-पणजोबांची, आजी-पणजींचीही नावं त्यात लिहावीत. भिका, दगडू, उखर्डू, जशी असतील तशी, पण पुरी आणि मानाने. आपल्या पिंपळनेरच्या नावातच पिंपळ आहे. पिंपळाला नवी पालवी दर वर्षी फुटते, पण मुळं जुनीच असतात.

नमो बुद्धाय! जयभीम!