मुक्काम पोस्ट लक्सर, पश्चिम किनारा

इजिप्तहून परत आल्यापासून सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पिरॅमिड पाहिलेस का?" पाहिले हो, पाहिले! फोटोही काढले. पण मनात घोळतंय ते दुसरंच, म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय.

लक्सरला आम्ही चार दिवस नाईलच्या पश्चिम किनाऱ्यावर राहिलो. आत्याला फोनवर सांगितलं की थडग्यांच्या शेजारी उतरलोय, तर ती म्हणाली, "अगं, तिथे हॉटेलं नाहीत का?"

आहेत की. पण मोठी हॉटेलं बहुतेक पूर्व किनाऱ्यावर, लक्सर शहरात. जुन्या इजिप्शियनांचा ढोबळ हिशेब असा, की सूर्य उगवतो ती बाजू जगण्याची आणि मावळतो ती मेलेल्यांची. म्हणून राजांची दरी, राण्यांची दरी, अधिकाऱ्यांची थडगी, सगळं पश्चिमेला. आता तिथल्या गावांतून लोक आपल्या घराचा वरचा मजला पाहुण्यांना देतात. खाली घरमालकाचा संसार, वर चार खोल्या, गच्चीवर नाश्ता. आपल्या कोकणातल्या घरगुती राहण्याच्या सोयीसारखंच. पाटीवर मात्र झोकात 'बेड अँड ब्रेकफास्ट'.

डायोडोरस नावाचा एक ग्रीक इतिहासकार इ.स.पू. ६० च्या सुमारास इजिप्तमध्ये आला होता. त्याने लिहून ठेवलंय की हे लोक राहत्या घरांना उतारशाळा म्हणतात आणि थडग्यांना कायमची घरं, कारण घरात थोडे दिवस राहायचं असतं आणि थडग्यात अनंतकाळ. म्हणून घरावर फार खर्च करत नाहीत, थडग्यावर करतात. मला गंमत वाटली. जग म्हणजे दोन दिवसांची धर्मशाळा, हे आपणही लहानपणापासून ऐकतो. पण त्यातून आपण काढतो तो निष्कर्ष असा, की मग कशाला जीव गुंतवा? त्यांनी काढला तो असा, की मग कायमचं घर नीट बांधून ठेवूया!

हे डोळ्यांनी बघायचं तर देर अल-मदिनाला जावं. राजांच्या दरीतली थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. साधारण इ.स.पू. १५०० ते १०८० पर्यंत नांदतं होतं. कुसाच्या आत सत्तरेक घरं, एकाला एक चिकटलेली, अरुंद, चाळीच्या खोल्यांसारखी एकामागे एक. पाणी गाढवांवरून यायचं. कारागीर आठवडाभर डोंगरावरच्या दगडी झोपड्यांत मुक्कामाला असत आणि सुट्टीला घरी येत. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा होता. त्या घरांच्या आज गुडघाभर भिंती उरल्यात. आणि तिथून चार पावलांवर याच कारागिरांनी स्वतःसाठी बांधलेली थडगी आहेत. त्यातलं सेन्नेजेमचं थडगं १८८६ मध्ये सापडलं. वाकून आत उतरलो आणि नवरा आणि मी दोघेही गप्प झालो. छोटीशी कमानदार खोली, पण रंग असे की रंगारी जेवायला गेलाय आणि आत्ता परत येईल. भिंतीवर सेन्नेजेम आणि त्याची बायको इयनेफर्ती परलोकातल्या शेतात कापणी करताहेत, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत! कायमच्या घरात काय हवं? तर आपलं शेत, उभं पीक आणि बरोबर बायको.

याच गावच्या खा नावाच्या मुकादमाचं थडगं १९०६ मध्ये इटालियन मोहिमेला न लुटलेलं मिळालं. त्यातल्या चारशेहून जास्त वस्तू आज तुरिनच्या संग्रहालयात आहेत. खाची बायको मेरित, तिचा केसांचा टोप, पेट्या, कपडे, सोंगट्यांचा खेळ... आणि दोन पलंग. मेरितच्या पलंगावर तर चादरी अंथरून उशाला लाकडी टेकण ठेवलेलं होतं. शिवाय तऱ्हेतऱ्हेच्या आकारांचे पाव. (नाव 'खा', त्यामुळे हे ओघानेच आलं! :)) म्हणजे अंथरूण आणि न्याहारी. पाटीवरच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट'ची चेष्टा मी तिथेच थांबवली.

ही न्याहारी पुढेही चालू राहावी म्हणून त्यांची एक सोय होती. अनेक थडग्यांवर येणाऱ्याजाणाऱ्याला उद्देशून विनंती कोरलेली असते, की माझ्यासाठी पाव आणि बिअर मिळण्याचा मंत्र म्हणा, तुमचं काही खर्च होत नाही, फक्त तोंडाची वाफ. आपण तोंडाची वाफ 'दवडतो'. त्यांच्या लेखी तीच मेलेल्याचं पोट भरायची.

जिवंतांचं पोट मात्र वाफेवर भरत नाही. कारागिरांचा पगार धान्यात असे, पावासाठी गहू आणि बिअरसाठी जव. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, हे धान्य थकलं. तेव्हा राजाचं कायमचं घर बांधणारे हे लोक हत्यारं ठेवून निघाले आणि राजांच्या देवळांमागे जाऊन बसले. भूक लागली, तहान लागली, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा. लेखी नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप म्हणून तो ओळखला जातो. त्या नोंदीचा पपायरसही तुरिनलाच आहे.

आणि याचं पुढचं प्रकरण आपल्या काळातलं आहे. शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीवर, अधिकाऱ्यांच्या थडग्यांच्या वरच, कुर्ना गावातली शेकडो रंगीत घरं होती. थडग्यांची चोरी होते, सांडपाणी आत झिरपतं, हे आक्षेप खोटे नव्हते. १९४० च्या दशकात हसन फतही या वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी मातीच्या विटांचं सुंदर नवं गाव बांधायला घेतलं, पण बहुतेक लोक गेलेच नाहीत आणि गाव अर्धंच राहिलं. २००६ च्या शेवटी बुलडोझर आले. पुढच्या काही वर्षांत टेकडी जवळजवळ रिकामी झाली आणि लोक उत्तरेकडच्या नव्या वसाहतीत गेले.

आमच्या घरमालकीणबाई त्या टेकडीवर वाढलेल्या. नाश्त्याला उन्हात फुगवलेला पाव, फूल, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची उसळ, पांढरं चीज आणि चहा घेऊन यायच्या. तिथे पावाला 'ऐश' म्हणतात, त्याचा अर्थ जगणं असाही होतो. नव्या घरात नळ आला, ते चांगलंच झालं, असं त्या म्हणाल्या. मग गच्चीवरून टेकडीकडे बोट करून एक उघडी जागा दाखवली. त्यांचं घर तिथे होतं. मला नुसती माती दिसली. त्यांना बहुतेक दार दिसत होतं.

थडगी वाचायला हवी होती याबद्दल वाद नाही. सेन्नेजेमची खोली बघितल्यावर तर नाहीच. पण डायोडोरसचं वाक्य तिथे फार टोकदार झालं. मेलेल्यांची घरं खरोखरच कायमची ठरली आणि त्यांच्या डोक्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं मुक्कामाची. पुनर्वसन हा शब्द आपल्याकडच्या धरणांमुळे आपल्याला नवा नाही, म्हणून हे जास्त लागलं असेल.

सेन्नेजेम, इयनेफर्ती, खा, मेरित. नाव उच्चारलं की माणूस जिवंत राहतो अशी त्यांची श्रद्धा होती, म्हणून तुम्हीही एकदा मोठ्याने म्हणा. टेकडीवरून उतरलेल्यांची नावं मात्र कुठल्याच भिंतीवर नाहीत. ती त्यांच्या नातवंडांनीच लक्षात ठेवायची.