तळटीप : सॉलिसिटरकडची उमेदवारी

* आर्टिकल्ड क्लार्क : सॉलिसिटरच्या हाताखाली करारावर राहून काम शिकणारा उमेदवार. इंग्लंडमध्ये १७२९ च्या कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची झाली. एका अ‍ॅटर्नीने (म्हणजे सॉलिसिटरसारखेच काम करणाऱ्या वकिलाने) एका वेळी दोनहून अधिक उमेदवार ठेवू नयेत, असेही त्यात होते. ही मर्यादा मला मोलाची वाटते. मसुदा ओळीओळीने तपासून, समासात दुरुस्त्या करून, ‘हे कलम इथे का नको’ हे समोर बसवून सांगायचे तर दहा जणांना ते कसे सांगणार? पगार मात्र बहुधा नसेच. उलट उमेदवाराच्या घरच्यांनीच मालकाला प्रीमियम मोजायचा, वर करारपत्रावर स्टँप ड्यूटी. त्यामुळे गरिबाघरच्या हुशार मुलाला हा दरवाजा बंदच राहिला, आणि तो अन्याय होता.

मुंबईत हीच पद्धत हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडबरोबर (थेट हायकोर्टात दाखल होणाऱ्या दाव्यांच्या विभागाबरोबर) रुजली. तिथे कामाची विभागणी अशी : कागदपत्रे सॉलिसिटरने तयार करायची, कोर्टात बाजू काउन्सेलने मांडायची. १९७७ नंतर अ‍ॅटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यात उरला नाही, तरी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आणि त्याआधीची आर्टिकलशिप टिकून आहे.

इंग्लंडमध्ये आता उमेदवाराला ट्रेनी सॉलिसिटर म्हणतात. त्याला पगार मिळतो, मुदत साधारण दोन वर्षांची असते. २०२१ पासून नवी पात्रता परीक्षा आली; तीत हा अनुभव चारपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी घेता येतो. लवचीकता वाढली हे खरे, पण एकाच वरिष्ठाच्या सलग नजरेखाली शिकण्याची हमी त्यामुळे कमी झाली आहे.

– संपादक